चौथा रकाना

जुन्या व्हिडिओ गेमांचा अभ्यास करणारी हौशी मंडळी जगभर आहेत आणि त्यांच्या कामाची एक ठरलेली रीत आहे. एक खेळ घ्यायचा, वेगवेगळ्या देशांत विकल्या गेलेल्या त्याच्या प्रती शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि तक्ता आखायचा. रकाने तीन: जपान, अमेरिका, युरोप. तक्त्याखाली आणखी एक यादी असते. खेळाच्या आत भरून ठेवलेल्या, पण खेळताना कधीच समोर न येणाऱ्या गोष्टींची. एखादी न वापरलेली गाडी, अर्धवट ट्रॅक, कुठेच न वाजणारी धून. मी हे तक्ते सनावळीसारखे वाचतो. राहतो सुरतेत, पर्वत पाटियाला, आणि गाड्यांच्या शर्यतींचे जवळजवळ सगळे नावाजलेले खेळ इथेच, लिंबायत-डुंभालच्या गल्ल्यांत खेळलेलो आहे. आम्ही जे खेळलो ते या तीनपैकी एकाही रकान्यात बसत नाही.

हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. उलट, रकाना नसल्यामुळेच आमची प्रत पाहण्यासारखी आहे.

नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्याकडून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या गाडीने सुरतेला आलेली खानदेशी कुटुंबं इथे सांचाखात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, आणि साड्यांच्या मार्केटात कामाला लागली. पोरांच्या वाट्याला सुट्टीत आला तो 'टीव्ही गेम'. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं लिहिलेली यंत्रं. आत सगळ्यांचं पोट एकच: निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. त्यात घालायच्या प्लास्टिकच्या चौकोनी डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो. बहुतेक कॅसेटवर '९९९९९ इन १' असं काहीतरी छापलेलं असे, आणि यादीत पहिल्या पानावर मारिओ, काँट्रा आणि दोन-तीन तरी गाड्यांचे खेळ हमखास असत.

गाड्यांच्या खेळांचं हे 'हमखास' योगायोगाने आलेलं नाही. फॅमिकॉमचे सुरुवातीचे खेळ इतके लहान होते, की आज विश्वास बसत नाही. 'एक्साइटबाइक' सगळा मिळून २४ किलोबाइट. या जातीचे खेळ २४ ते ४० किलोबाइटमध्ये बसतात आणि त्यांच्या डबीत दुसरं कसलं सर्किट लागत नाही. त्यामुळे एकाच मोठ्या चिपवर ते डझनभर दाटीवाटीने कोंबता येत. पुढचे, मोठे, स्वतःची जादा सर्किटं मागणारे खेळ नकलाकारांना महाग पडत. म्हणून १९८४-८५ सालचे खेळ आमच्याकडे १९९८ सालीही ताजे होते. बाहेरच्या जगात तोवर 'ग्रॅन टुरिस्मो' आला होता.

आता पहिली गंमत. आमच्या कॅसेटींतला 'एफ-१ रेस' १९८४ सालचा. तो लिहिणाऱ्यांत सातोरू इवाता होते, जे पुढे २००२ साली निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. फॅमिकॉमवरचा हा खेळ अमेरिकेत अधिकृतपणे कधीच विकला गेला नाही. कोनामीचा 'रोड फायटर' तर त्याहून मासलेवाईक. १९८४ साली पैसे टाकून खेळायच्या यंत्रांवर आला, १९८५ साली फॅमिकॉमवर; युरोपातल्या निन्टेन्डोसाठी तो थेट १९९२ साली निघाला आणि अमेरिकेतल्या निन्टेन्डोवर आलाच नाही. शिकागोतल्या ज्या पोराकडे अस्सल निन्टेन्डो होता त्याला जो खेळ माहीत नव्हता, तो लिंबायतच्या पोराला तोंडपाठ होता. लाल गाडी, पिवळ्या गाड्या सरळ जाणाऱ्या, बाकीच्या आडव्या येणाऱ्या, रस्त्यावर सांडलेलं तेल, आणि रंगीत गाडीला धडकलं की पेट्रोल. धक्का लागून गाडी घसरली तर उलट्या दिशेला बटण दाबून सावरायची, हे आम्हाला कोणत्याही पुस्तिकेने शिकवलं नाही. पुस्तिका नव्हतीच.

अभ्यासकांच्या तक्त्यात या खेळांपुढे अमेरिकेच्या रकान्यात रेघ मारलेली असते. कागदोपत्री ते बरोबर आहे. पण अधिकृत विक्री म्हणजेच प्रसार, असं धरून चाललं की निम्मं जग तक्त्याबाहेर राहतं.

देशोदेशींच्या प्रतींत फरक पडतात ते तीन-चार कारणांनी, आणि सगळी कारणं सारख्या मोलाची नाहीत.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती लाजेपोटी किंवा वकिलांच्या धाकापोटी केलेल्या बदलांची. 'सुपर मारिओ कार्ट'च्या १९९२ सालच्या जपानी प्रतीत जिंकल्यावर पीच राजकन्या आणि बाउझर चक्क शॅम्पेन पितात. परदेशी प्रतींत ते बाटलीशी नुसते खेळतात. 'मारिओ कार्ट ६४'च्या जपानी प्रतीत रस्त्याकडेच्या फलकांवर 'मारिओरो' असं लिहिलेलं दिसतं, एका प्रसिद्ध सिगारेटच्या पाकिटाची उघड नक्कल. परदेशी प्रतींत त्याचं 'मारिओ स्टार' झालं. त्याआधी १९८२ सालच्या नाम्कोच्या 'पोल पोझिशन'मध्ये फुजीच्या खऱ्या ट्रॅकवर जपानी प्रतीत मार्लबोरो आणि पेप्सीचे फलक होते. अमेरिकेत अटारीने तो खेळ आणला तेव्हा फलक बदलले. वाचायला मजा येते. पण खेळताना या बदलांनी तसूभर फरक पडत नाही. फलक तोच, रंग दुसरा. अशा याद्यांवर लोक वर्षानुवर्षं घालवतात, याचं मला थोडं नवल वाटतं.

सेगाच्या 'आउटरन'मध्ये मात्र जपानी आणि परदेशी प्रतींत रस्त्यांचा क्रमच वेगळा आहे. हा फरक बोटांना कळतो. स्क्वेअरचा १९८७ सालचा गाड्यांचा खेळ जपानमध्ये 'हायवे स्टार' आणि अमेरिकेत 'रॅड रेसर' म्हणून निघाला. खोली दिसावी म्हणून जपानी खेळाडूला डोळ्यांपुढे आळीपाळीने उघडझाप करणारा विजेचा चष्मा लावता येई. अमेरिकेत कागदी चौकटीतला लाल-निळा चष्मा मिळाला. खेळ एक, पण दिसण्याची रीतच दोन ठिकाणी दोन.

तरीही खरा फरक, जो कोणी ठरवून केला नाही आणि ज्यातून कोणी सुटला नाही, तो टीव्हीच्या पडद्यातून आला.

जपान आणि अमेरिकेतला टीव्ही, एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा. युरोपातला आणि भारतातला, पाल पद्धतीचा, ५० वेळा. जुने खेळ घड्याळ बघत नसत, पडदा मोजत. पडदा एकदा रंगला की गाडी एक पाऊल पुढे, धून एक पाऊल पुढे, पेट्रोल एक पाऊल खाली. सेकंदाला ६०च्या जागी ५० पावलं पडली की सगळं सहाव्या हिश्श्याने मंद होतं. 'रोड फायटर'च्या कोपऱ्यात ४०० किलोमीटरचा वेग दिसतो. जपानी पोराच्या ४०० शी तुलना केली तर आमचा काटा ४०० दाखवायचा आणि गाडी ३३३ ने धावायची.

युरोपासाठी निन्टेन्डोने यंत्रच वेगळं बनवलं. त्याचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो, जपानी-अमेरिकी यंत्राचा १.७९ वर. त्यामुळे युरोपात धून मंद तर व्हायचीच, शिवाय सूरही अर्ध्या स्वराहून थोडा जास्तच उतरायचा. काही युरोपी प्रतींत कंपन्यांनी वेग पुन्हा जुळवून दिले. नकली यंत्रांचा रस्ता तिसरा. तैवानच्या यूएमसी कंपनीने ५० हर्ट्झच्या देशांसाठी केलेल्या चिपांची जोडी, जिच्यावर रशियातला प्रसिद्ध 'डेंडी'ही चालला, फार हुशारीने आखलेली होती. प्रोसेसर १.७७ वर, म्हणजे जवळजवळ जपानी वेगाचा. पडद्यावरच्या एका ओळीला लागणारा वेळही जपानी हिशेबानेच. जपानी यंत्र एका पडद्याला २६२ ओळी मोजतं, पालला ३१२ लागतात. या चिपांनी उरलेल्या ५० ओळी चित्र संपल्यावर नुसत्या थांबून काढल्या. हेतू सरळ होता: जपानी कॅसेट जशीच्या तशी चालली पाहिजे. रस्त्याची वळणं ओळीओळीने सरकवून दाखवणाऱ्या गाड्यांच्या खेळांना असा ओळीचा हिशेब फार लागतो. तो चुकला की रस्ता मधेच थरथरतो.

म्हणजे अशा यंत्रावरचा खेळ कोणता? सूर जपानी, लय पाल. प्रत जपानी, यंत्र तैवानी, टीव्ही भारतीय. हा चौथा रकाना. 'रोड फायटर'ची ती सुरुवातीची छोटी धून मी अलीकडे पहिल्यांदा मूळ वेगात ऐकली. कोणीतरी घाईत वाजवतंय असं वाटलं, आणि खेळायला बसलो तर दुसऱ्याच टप्प्यात पेट्रोल संपलं. आमच्या गल्लीतल्या उस्तादांची उस्तादी सहाव्या हिश्श्याने कमी करून मोजायला हवी, हे कबूल. 'सुपर मारिओ कार्ट'चे विक्रम याच कारणाने पाल आणि एनटीएससी असे वेगळे नोंदले जातात.

आता त्या दुसऱ्या यादीकडे, न वापरलेल्या साहित्याकडे. ते शोधतात कसं, हे आधी सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं यात काही गुप्त दरवाजे असतात. पद्धत हिशेबनीसाची आहे. डबीतल्या चिपमधला मजकूर संगणकात उतरवून घ्यायचा. मग खेळ अशा प्रोग्रॅममध्ये चालवायचा, की जो वाचलेल्या प्रत्येक बाइटवर खूण करत जातो. सगळे टप्पे खेळायचे, मुद्दाम हरायचं, नको ती बटणं दाबायची. शेवटी ज्या बाइटांवर खूण नाही ते बाजूला काढून बघायचं: चित्र आहे, अक्षरं आहेत, धून आहे, की नुसताच भराव. खूण नाही म्हणजे निरुपयोगी, असंही नसतं. कदाचित ती परिस्थिती तुमच्यावर आलीच नसेल.

'रोड फायटर'मधला उडणारा माणूस तसाच. न धडकता बराच वेळ गाडी हाकली, की कडेने एक माणूस उडत वर जातो आणि गुण वाढतात. तो कोनामी मॅन, कंपनीचा स्वतःचा नायक. आमच्या गल्लीत त्याचं अस्तित्व वादग्रस्त होतं. ज्याने पाहिला तो शपथा घ्यायचा, बाकीचे त्याला फेकू म्हणायचे. शक्तिमान टीव्हीवर सुरू झाला त्यानंतर तो शक्तिमान झाला. हे साहित्य न वापरलेलं नव्हतंच, आमच्यापैकी बहुतेकांच्या हातांना ते झेपत नव्हतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर उदाहरण 'एक्साइटबाइक' आहे. शिगेरू मियामोतोंचा खेळ, जपानात नोव्हेंबर १९८४, अमेरिकेत १९८५. मोटारसायकल उड्या मारत न्यायची, इंजिन तापू द्यायचं नाही. त्यात स्वतःचा ट्रॅक मांडायची सोय होती, 'डिझाइन'. टेकाडं, चिखल, उतार, हवे तसे ओळीने ठेवायचे. आणि तिथेच दोन शब्द: सेव्ह, लोड. आम्ही सुट्टीतली दुपार घालवून ट्रॅक बांधायचो, सेव्ह दाबायचो, आणि दुसऱ्या दिवशी काहीच परत यायचं नाही. दोष कॅसेटवर जायचा. तिला फुंकर मारली जायची, खोडरबराने पितळी दात घासले जायचे, कॅसेट देणाऱ्याशी भांडणही व्हायचं.

कॅसेट निर्दोष होती. जपानमध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉमसाठी डेटा रेकॉर्डर विकला होता, म्हणजे साधा टेपरेकॉर्डर, जो फॅमिली बेसिकच्या कीबोर्डला जोडायचा. सेव्ह दाबलं की ट्रॅकचा मजकूर किरकिऱ्या आवाजात बदलून गाण्याच्या टेपवर उतरायचा. हे यंत्र जपानबाहेर विकलंच गेलं नाही. अमेरिकी प्रतीतून मात्र ते दोन शब्द काढले नाहीत. पुस्तिकेत, हे पर्याय सध्या चालत नाहीत, पुढच्या एखाद्या उपकरणासाठी ठेवले आहेत, अशा अर्थाचा खुलासा छापला. ते उपकरण आलं नाही. २००७ साली निन्टेन्डोच्या वी यंत्रावर हा खेळ पुन्हा मिळाला तेव्हा जपानबाहेरच्यांनाही ट्रॅक जपून ठेवता आले.

सुरतेत याला जो पीळ बसतो तो जपानी माणसाला कळणार नाही. ज्या डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो तिला खरोखरच कॅसेट हवी होती. आणि ती घरात होती! टेपरेकॉर्डर प्रत्येक खोलीत होता, त्यावर अहिराणी गाणी आणि वामनदादा कर्डकांची भीमगीतं वाजत. दोन यंत्रं एकाच फळीवर बसलेली, मधला तो कीबोर्ड आणि तार तेवढी नव्हती.

अशा, जोडीचं यंत्र न मिळाल्याने मुक्या राहिलेल्या गोष्टी एका जातीच्या. दुसरी जात घाईची. 'ग्रॅन टुरिस्मो २', डिसेंबर १९९९. त्यात सरळ पट्टीवरच्या ड्रॅग शर्यती येणार होत्या, वेळेअभावी गळल्या. पण खेळ किती टक्के पूर्ण झाला हे मोजणाऱ्या गणितातून काही तुकडे काढायचे राहिले, आणि अमेरिकेतल्या पहिल्या छपाईच्या खेळाडूंनी जंग जंग पछाडलं तरी काटा ९८.२ टक्क्यांवर अडकायचा. उरलेले १.८ टक्के म्हणजे जे बनलंच नाही त्याचं भूत. तिसरी जात धंद्याची. २००३ सालच्या 'एफ-झीरो जीएक्स'च्या घरगुती डिस्कमध्ये पैसे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रासाठीचा 'एफ-झीरो एएक्स' जवळजवळ अख्खा दडलेला आहे, हे लोकांना दहा वर्षांनी, २०१३ साली उमगलं. विकत घेणाऱ्याच्या कपाटात दहा वर्षं दुसरा खेळ झोपलेला होता.

इथल्या मार्केटात साडीचा ताका कापताना कडेचा तुकडा उरतो, तो कटपीसवाला वजनावर नेतो. त्या तुकड्यात कधी कधी ताक्यात नसलेली नक्षी सापडते, कारण ती चाचणीपुरती छापलेली असते. पण बहुतेक वेळा तो नुसता तुकडा असतो. खेळांतल्या उरलेल्या साहित्याचंही तसंच. 'मारिओ कार्ट ६४'मध्ये आधी कामेक हा जादूगार खेळाडू म्हणून होता आणि नंतर त्याच्या जागी डाँकी काँग आला, हे कळणं म्हणजे नक्षी. वर्णमालेतली न वापरलेली अक्षरं सापडल्यावर जो आनंदोत्सव होतो, त्यात मी सामील होत नाही.

आणि मग आमच्याकडची जात, जी कोणत्याच यादीत नाही: इथे येता येता कापलं गेलेलं साहित्य. २००० च्या आसपास सायबर कॅफे आले आणि 'रोड रॅश'ची १९९६ सालची विंडोजवरची आवृत्ती प्रत्येक संगणकावर बसली. पॅसिफिक हायवे, सिएरा नेवाडा, नापा व्हॅली. कॅलिफोर्नियाचा भूगोल आम्हाला बारडोलीच्या भूगोलाआधी पाठ झाला. लाथ मारून शेजारच्या मोटारसायकलवाल्याला पाडायचं, साखळी हिसकावायची, पोलिसाच्या हाती सापडायचं नाही. हा खेळ मुका आहे अशीच माझी समजूत होती. फटफटीचा आवाज आणि लाथेचा आवाज, बस. पुष्कळ वर्षांनी मूळ सीडीची प्रत चालवून पाहिली तेव्हा साउंडगार्डनची गाणी सुरू झाली, आणि शर्यत संपल्यावर खऱ्या माणसांचे चित्रित प्रसंग आले, हरलेल्याची फजिती, पकडलेल्याची वरात. डाउनलोड लहान करायचं म्हणून कोणीतरी गाणी आणि व्हिडिओ छाटून टाकले होते, आणि सुरतेत तीच छाटलेली प्रत मूळ म्हणून नांदत होती. जपानी अभ्यासक डबीत लपलेली गोष्ट शोधतो. आम्ही शोधायचं ते डबीबाहेर, वाटेत कुठेतरी.

उलटही घडलं. नकलाकार कापायचे तसं वाढवायचेही. '९९९९९ इन १'ची यादी पानामागून पान चालायची, पण खरे खेळ तीस-चाळीसच. बाकी तेच खेळ वेगळ्या नावाने. मात्र प्रत्येक वेळी निव्वळ नाव बदललेलं नसे. एका नावाने उघडला तर 'रोड फायटर' पहिल्या टप्प्यापासून, दुसऱ्या नावाने उघडला तर थेट पुढच्या टप्प्यावर. मेनू लिहिणाऱ्या अनाम माणसाने सुरुवातीच्या एक-दोन बाइटांत फेरफार करून हे साधलेलं असतं. कंपनीचं नाव, साल पहिल्या पडद्यावरून पुसलेलं. कोनामीने फॅमिकॉमवर चारच टप्पे दिले होते. शेवटचा टप्पा बघणं पूर्वी उस्तादांच्या नशिबी असे, या मेनूने तो सगळ्यांना खुला केला. याला भामटेगिरी म्हणायची तर ती आहेच. पण एखाद्या प्रदेशासाठी खेळात केलेला बदल म्हणजे प्रादेशिक आवृत्ती, अशी व्याख्या असेल तर हीसुद्धा प्रादेशिक आवृत्तीच. फक्त ती कंपनीने काढलेली नाही.

तिची नोंद करणं सोपं नाही. अस्सल डबीत चिप पाय असलेली, सरळ काढून वाचता येते. आमच्या कॅसेटींत चिपवर डांबरासारखा काळा ठिपका ओतलेला असतो आणि त्यावर ना क्रमांक ना नाव. वरचं चित्र भलत्याच खेळाचं. शिवाय पर्वत पाटियाचा पाऊस. मिठी खाडी भरली की तळमजल्यातलं पाणी आधी कपाटाचा खालचा खण गाठतं, आणि जुन्या कॅसेटी नेहमी खालच्याच खणात असतात. २००६ च्या तापीच्या पुराने सुरतेतलं काय काय नेलं याच्या याद्या झाल्या, त्यात कॅसेटी कोण लिहिणार.

मागच्या रविवारी पाटियावरच्या एका लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चार्जर आणि रिमोटच्या ढिगात तीन कॅसेटी मिळाल्या. लारीवाला हसला, 'भाऊ, आता हे चालवायला टीव्ही कुठून आणणार?' भाच्याने एक जुना डब्बा टीव्ही जपून ठेवलाय. पहिली कॅसेट गेलेली. दुसरीत मेनू आला आणि थिजला. तिसरीवर लाल स्पोर्ट्स कारचं चित्र, आतमध्ये ६४ नावं. भाच्याने वही घेतली, मी एकेक उघडत गेलो. सतराव्या क्रमांकाला 'रोड फायटर', अठ्ठेचाळीसला पुन्हा तोच, तिसऱ्या टप्प्यापासून. बासष्टला 'एक्साइटबाइक' होती. त्याने डिझाइनमध्ये जाऊन सलग नऊ टेकाडं मांडली, मग सेव्हवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

'दाब की,' मी म्हणालो.